पहिल्या नंबरावर टाकलेलं कॉलेज

सीईटीला माझे पर्सेंटाइल चुलत बहिणीपेक्षा जास्त होते, आणि पुण्याच्या कॉलेजात शिकली ती. हे आधीच सांगून टाकते. आमच्या ईट गावात अजून कुणी ना कुणी विचारतं, दोघींत हुशार कोण, आणि विचारणाऱ्याच्या तोंडावर उत्तर लिहिलेलं असतं.

आमची घरं भिंतीला भिंत लावून. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तिची गणितं मी सोडवून द्यायचे. सीईटीचा निकाल लागला तेव्हा तिचा रँक माझ्यापेक्षा बराच मागं होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नव्हतं. त्यामुळं मागच्या वर्षीचे कटऑफ मीच मोबाइलवर उघडून बसायचे. कुठल्या कॉलेजची कुठली शाखा कितव्या रँकवर थांबली, हे मला इतकं पाठ झालं की गल्लीतली माणसं आपल्या पोरांचे रँक घेऊन यायची आणि कुठं लागंल म्हणून विचारायची. मी सांगायचे, आणि बहुतेक बरोबर निघायचं. त्याची घमेंडही होती.

माझा स्वतःचा रँक पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कॉम्प्युटर शाखेला अगदी काठावर येत होता. सोलापूरच्या एका कॉलेजात मात्र हमखास लागत होतं. पसंतीक्रम भरताना वडिलांनी सोयरिकीचा हिशोब लावला. आधी मोठ्या घरी विचारायचं, तिथून नकार आला की ती गोष्ट दुसऱ्या घरी पोचतेच. मग ते म्हणतात, तिकडं जमलं न्हाय म्हणून आमच्या दारात आलात व्हय? कॉलेजचंही तसंच असणार. ज्याला पहिला मान देऊ तो आपल्याला धरून ठेवील. वडिलांनी दोन आत्यांची आणि एका काकांची लग्नं जमवली होती. मला ते पटलं. सोलापूर पहिल्या नंबरावर, पुणे दुसऱ्या.

बहीणही विचारायला आली. मी तिला सांगितलं, पुण्याचं नावसुद्धा घालू नको, तुझा रँक तिथं फिरकत न्हाय. तिची आई, म्हणजे माझी काकू, पलीकडं चुलीपुढूनच बोलली, "टाकू दे की. न्हायच म्हणतील ना, मारत्यात थोडंच?" बहिणीनं पुणे सगळ्यात वर टाकलं.

पहिल्या फेरीत मला सोलापूर लागलं. गल्लीत पेढे वाटले. त्याच दुपारी साइटवरचा नियम मी पहिल्यांदा नीट वाचला. पहिल्या पसंतीचं मिळालं की जागा पक्की, पुढच्या फेऱ्यांत नाव नाही. मान, नकार, रुसवा असलं तिथं काहीच नव्हतं. रँक बघायचा आणि यादी वरून खाली वाचत यायचं, एवढंच. पुणे वर टाकलं असतं आणि नसतं मिळालं, तरी सोलापूर माझंच होतं.

त्या साली पुण्याचा कटऑफ खाली आला. दुसऱ्या फेरीत बहिणीला पुणे लागलं. कॉम्प्युटर.

काकू पेढे घेऊन आली. म्हणाली, "तुझ्यामुळंच झालं बग बाई. तू लागत न्हाय म्हणलीस म्हणून तिला जिद्द चढली." ती खरंच मनापासून बोलत होती, हे जास्त लागलं. मी पेढा खाल्ला आणि म्हणाले, यंदा कटऑफ लई पडला काकू, कुणालाही लागलं असतं. काकूचा चेहरा उतरला. तेवढं समाधान मला त्या दिवशी मिळालं.

सोलापुरात मी शिकले, चांगल्या मार्कांनी शिकले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर आहे आणि आज माझ्या पगारावर माझं भागतं. त्यात मला काही कमी वाटत नाही. पण बहीण पुण्याहून सुट्टीला आली की रँक घेऊन माणसं आता तिच्या ओट्यावर जातात. तिला एकाही कॉलेजचा कटऑफ माहीत नाही. ती हसून सांगते, सगळ्यात आवडतं ते वर टाका. माणसं मान डोलावतात.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघी करंज्या लाटत बसलो होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती एकदम म्हणाली, "त्या फेरीची यादी मी मागं काढून बघितली होती. माझ्यानंतर यादी थांबली. शेवटची सीट माझी. तू पुणे वर टाकलं असतंस, तर मी कुठंच नव्हते गं."

तिला आभार मानायचे असावेत. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणाले, "व्हय, ती सीट माझी होती." तिनं लाटणं उचललं, मीही उचललं, आणि उरलेल्या करंज्या आम्ही लाटून संपवल्या.