खालच्या खाचराची माती

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. काकीच्या भातखाचराचा म्हणून मी जो मातीचा नमुना तपासला, तो त्या खाचरातला नव्हताच.

रत्नागिरीत माती तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी. काकी गावी एकटी, मुलगा मुंबईला. वैशाखात नमुना घ्यायला गेलो आणि उन्हात खाली उतरायचा कंटाळा केला. वरच्या वरकस, उतारावरच्या हलक्या तुकड्यातलीच माती पिशवीत भरली. काकी पडवीतून म्हणाली, "खाली उतर की रे. लोणी हायस काय वितळायला?" मी हसलो आणि पिशवीवर लिहिलं, खालचं खाचर.

वरची माती पावसाने धुऊन निघालेली, फार आंबट. मी भरपूर चुना सुचवला. खाली मात्र काकी दरवर्षी राब भाजायची. पातेरा नि शेण जाळून त्यावर रोपं करायची, राख खाचरभर पांगवायची. तिथला आंबटपणा राखेने आधीच उतरलेला, त्यावर माझा चुना पडला. माती आंबट असते तोवर तिच्यातलं जस्त सैल असतं, मुळांना मिळतं. आंबटपणा गेला की चिकणमाती त्याला असं धरून ठेवते, की ते असून नसल्यासारखं.

लावणीनंतर रोपं खुजी राहिली, पानांवर तांबूस ठिपके आले. मी गेलो तेव्हा शेजारीण बांधावरून विचारत होती, "काय गो, भात गंजला की काय तुझा?"

"राब नीट भाजला नाय मी," काकी म्हणाली. "हात चालत नाय आता."

मी खालची माती गुपचूप नेऊन तपासली. यंत्रावरचा आकडा बघितला, आंबटपणा औषधालाही उरला नव्हता, आणि तो आकडा कुठेच लिहिला नाही. जस्ताची फवारणी करायला अजून वेळ होता. पण फवारणी सांगायची तर ती का, तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो.

भात जेमतेम झालं. पुढच्या वर्षी काकीने शेत केलंच नाही. "माझ्याच्याने होत नाय" म्हणाली आणि मुलाकडे गेली. खाचरात आता रान माजलंय. फोनवर ती विचारते, "पाऊस काय म्हणतो?" मी पावसाचंच तेवढं सांगतो.

चूक तिच्या हातांची नव्हती, माझी होती. एवढी कबुली मी काकीला देणं लागतो. अजून दिलेली नाही.