न सडणारे चौघे भाऊ

आधी चहाचे कप खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता! आणि हो, आमच्या हिच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये. माणसाच्या हातून चुका होतात, मान्य. पण केमिस्ट्रीच्या रिटायर मास्तराच्या हातून देव तयार व्हावेत? तेही काशीत? आणि एक नाही, चार!

झालं असं. शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. पाच पिढ्या इथे गेल्या, त्यामुळे उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी. गच्चीवर आमच्या मुलाने हौसेने लाकडी फळ्यांचा डेक घातला होता. वरून पाऊस, खालून गंगेची ओल! दोन पावसाळ्यांत त्या फळ्यांची चहात बुडवलेली बिस्किटं झाली. गेल्या वर्षी हिची थोरली बहीण, आमच्या अक्का, वाळत घातलेली साडी काढायला गेल्या आणि एक पाय गुडघ्यापर्यंत आत! अक्का तशा भारदस्त. बाहेर काढायला तीन माणसं लागली.

आणि यंदा सूनबाईची पहिली मंगळागौर. हिने बनारसमधल्या झाडून साऱ्या मराठी बायकांना आवतण दिलं. भरदुपारी गच्चीवर झिम्मा, फुगड्या, सगळं.

"त्या दिवशी एकीचाही पाय आत गेला ना, तर मी माहेरी निघून जाईन," ही म्हणाली. हिचं माहेर दोन गल्ल्या सोडून आहे, पण धमकी ती धमकीच.

"लाकूडच नको," मी म्हटलं. "न सडणारं मटेरियल आणतो. नीट तपासून."

"तुमचे एक्सपेरिमेंट नकोत हं! सरळ मिस्त्रीला बुलवा."

एक्सपेरिमेंट नकोत? छत्तीस वर्षं पोरांना काय शिकवलं मग मी?

गुपचूप पूल ओलांडून रामनगरला गेलो. तिथल्या दुकानदाराने चार तुकडे पुढे टाकले. एक भुसा आणि प्लास्टिक दाबून केलेली फळी, दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा पट्टा, तिसरी जाड फरशी आणि चौथा सिमेंटचा पत्रा. "मास्टर साहब, कोई भी ले जाइए. पोती की शादी तक चलेगा."

नातीच्या लग्नाचं नंतर बघू. आधी ज्येष्ठ-आषाढ काढून दाखवा!

मी ते चारही तुकडे घाटाच्या शेवटच्या ओल्या पायरीवर मांडले, अर्धे पाण्यात, अर्धे बाहेर. वाहून जाऊ नयेत म्हणून होडीच्या कडीला बांधायचे, पण घरातली नायलॉनची दोरी काढली असती तर हिला कळलं असतं. म्हणून देवघरातला लाल धागा घेतला. नंबर घालायला दाराच्या रंगातला उरलेला लाल रंग. आता मला सांगा, यात कुणाला काही वावगं दिसेल का? मला तरी दिसलं नाही.

रोज पहाटे आंघोळ करून ओल्या धोतरानिशी तिथे बसायचं. प्रत्येकावर तांब्याभर पाणी ओतायचं, बोटाने टिचकी मारायची, वाकून कान लावायचा आणि पुटपुटायचं, "एक नंबर ठीक. दोन नंबर ठीक." घरी ही खूश! माणूस म्हातारपणी गंगास्नानाला लागला म्हणून.

पाचव्या दिवशी तीन नंबरवर झेंडूचं फूल. वाऱ्याने आलं असेल, मी बाजूला केलं. सातव्या दिवशी चौघांवर एकेक फूल. आता वारा इतका समान वाटप करतो का हो? पण शंका येईल तर शपथ!

मग एक बाई येऊन हात जोडून उभी राहिली. "बाबा, ई चारों कौन हैं?"

मी मास्तर. प्रश्न विचारला की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. "माताजी, ये पानी में गलते नहीं. सड़ते नहीं. दीमक इनको खाती नहीं."

"और आग?"

"एक को छोड़कर बाकी तीनों को आग नहीं जलाती."

"रहेंगे कब तक?"

शेजारी मणिकर्णिकेच्या चितांचा धूर वर चढत होता. मी म्हटलं, "हमारे-आपके जाने के बाद भी."

बाईने पायरीवर डोकं टेकलं. मला वाटलं, काय विज्ञाननिष्ठ बाई आहे!

रोज ओल्या धोतरात बसून शेवटी व्हायचं तेच झालं. सर्दी, ताप, छाती भरली. दहा दिवस अंथरुणात. मनाशी म्हटलं, घाई कसली? आपला श्रावण कुठे उद्या लागतोय? भिंतीवरच्या मराठी पंचांगात आषाढच चालू होता.

आणि इथेच माती खाल्ली! जन्म बनारसात गेला माझा. इथला सावन पौर्णिमेनंतर लागतो, आपला अमावास्येनंतर. पंधरा दिवस आधी इथे अख्खं गाव लोटे घेऊन घाटावर उतरतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण घरातलं पंचांग बघून मी निवांत काढे पीत पडलो.

बरा होऊन घाटावर गेलो तर काय! छत्री, घंटा, चटई आणि चटईवर एक तरणाबांड पंडा. पाणी चढलं म्हणून त्याने माझी चारही सॅम्पलं उचलून वरच्या कोरड्या पायरीवर नेली होती. अरे, भिजवायला ठेवलीत ना मी ती! वर शेंदूर, त्यावर तूप, त्यावर दूध, मध, बेलाची पानं. कोण अ‍ॅल्युमिनियम आणि कोण सिमेंट, ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं. आणि आमची मंगळागौर बारा दिवसांवर!

मी दोन नंबरला हात घातला.

"अरे अरे! का कर रहे हैं बाबू?" पंडा ओरडला.

"भैया, ये मेरे हैं."

"सबके हैं, बाबू."

"वो ठीक है, पर मुझे ले जाने हैं."

"कहाँ?"

"छत पर."

एव्हाना वीस-पंचवीस माणसं गोळा झाली होती. एकाने विचारलं, "छत पर ले जाके का करेंगे?"

आता इथे गप्प बसायचं की नाही? पण पुन्हा मास्तर आडवा आला! म्हटलं, "बिछाएँगे. फिर इनके ऊपर औरतें नाचेंगी."

पुढचं विचारू नका. पासष्टाव्या वर्षी मी घाटाच्या पायऱ्या ज्या वेगाने चढलो, तो बघून डॉक्टरने माझ्या गोळ्या बंद केल्या असत्या.

धापा टाकत घरी आलो. ही प्रसाद घेऊन समोर उभी. "अहो, ऐकलंत का? आपल्या घाटावर चार देव निघालेत! चौघे भाऊ. पाण्यात गळत नाहीत म्हणे. मी नवस बोलून आले."

"कसला नवस?" मी विचारलं.

"ह्यांना सुबुद्धी होऊ दे आणि मंगळागौरीच्या आत माझी छत होऊ दे."

प्रसाद खाल्ला आणि त्याच पावली जाऊन मिस्त्रीला घेऊन आलो. त्याने गच्चीवर एक चक्कर मारली आणि म्हणाला, "चुनार का पत्थर बिछा दीजिए, पतली पटिया. ऊपर से खुरदुरा रखेंगे, पैर नहीं फिसलेगा."

"पण पाण्यात टिकेल का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मास्टर साहब, घाट की सीढ़ी काहे की है?"

खरं सांगतो, भुईत गडप व्हावंसं वाटलं. पिढ्यान्पिढ्या गंगेत भिजणाऱ्या दगडावर बसून मी प्लास्टिकच्या फळीला कान लावत होतो!

मंगळागौर झोकात झाली. पाऊस कोसळून गेला, दगड तासाभरात सुकला. अक्कांनी सूनबाईबरोबर अशी फुगडी घातली की गल्लीतली माकडं पळाली. एकीचाही पाय आत गेला नाही, आणि ही माझ्याकडे बघून चक्क हसली. तेवढ्यासाठी पुन्हा ताप आला असता तरी चालला असता मला.

पण नवस फेडायला जोडीने जावं लागलं. मी गमछा नाकापर्यंत ओढून नारळ पुढे केला. पंडा रंगात आला होता. म्हणाला, एक महान साधूबाबा इथे महिनाभर तप करत होते, त्यांनीच या चौघांना गंगेतून प्रकट केलं आणि एक दिवस स्वतः अंतर्धान पावले.

मला राहवेना. "कैसे दिखते थे?"

"अरे साहब, का बताएँ! मुँह पर ऐसा तेज कि आँख न ठहरे." त्याने मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं. "आप गृहस्थ लोग का समझेंगे."

हिने डोळे मिटून हात जोडले आणि एक मोठा उसासा सोडला. "असा एक माणूस आमच्या घरात असता, तर छत ज्येष्ठातच झाली असती हो!"