तीनच्या वर जायचं नाही

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा नागपुरात कडाक्याची थंडी होती. खरं सांगतो, ताईचा रडवेला आवाज ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता ती भट्टी कोण पेटवणार? दुःख नंतर झालं... झालं, नाही असं नाही. पण जो माणूस आयुष्यभर घरातल्या तापमानावर भाषणं देत आला, तो गेल्यावर लोकांना आधी तापमानच आठवणार. भिलाईला पोचलो. शोकसभेत त्यांच्या खात्यातले एक गृहस्थ त्यांना ‘शास्त्रीय वृत्तीचे’ म्हणाले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मेहुण्याला भरून आलं. मेहुणा हसू दाबत होता.

वसंतराव माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे यजमान. मूळचे वर्ध्याकडचे, पोलाद कारखान्यात बॉयलरच्या खात्यात अधिकारी. सत्तरच्या दशकात त्यांना काही महिने रशियाला ट्रेनिंगला पाठवलं आणि तिथून एक पार बिघडलेला माणूस परत आला. इतर अधिकारी तिकडून कॅमेरे आणत, बाहुलीत बाहुली असलेली खेळणी आणत. भाऊजींनी लोकरी मोज्यात गुंडाळून एक व्हॉल्व्ह आणला. परतीच्या वाटेवर युरोपात कुठेसा घेतलेला. तिकडच्या घरांत म्हणे वाफेवर तापणारे रेडिएटर असतात आणि हा व्हॉल्व्ह त्यांना शिस्त लावतो. त्याच्या डोक्यात मेण भरलेलं असतं. खोली तापली की मेण फुगतं आणि वाफेची वाट अडवतं. खोली गार झाली की आकसतं आणि वाट मोकळी करतं. वर एक चकती, तिच्यावर एक ते पाच आकडे. आता फक्त एक रेडिएटर हवा होता, आणि थोडी अक्कल. पैकी रेडिएटर त्यांनी जामुलच्या रस्त्यावरच्या एका फाउंड्रीतून ओतून घेतला.

ज्या गावात मे महिन्यात नळाचं पाणी चहासाठी अर्धं उकळूनच येतं, त्या गावात आमच्या भाऊजींनी बैठकीत लोखंडी फासळ्यांचा हा सांगाडा बसवला. मागच्या अंगणात कोळशाची भट्टी, तिच्यावर टाकी, टाकीतून स्वयंपाकघराच्या भिंतीतून आरपार जाणारा पाइप. उद्घाटनाला मी हजर होतो. वाफ सुटली, आणि पाइपातून असे दणके बसायला लागले की वाटावं, आत कोणीतरी घण घालतोय. शेजारचे बंगाली दादा धावत आले. “भाईसाहब, आपके यहाँ अंदर कोई फँस गया है क्या?” भाऊजी शांतपणे म्हणाले, “सिस्टिम सेट हो रही है.” सेट कसली होतेय! वाफेचं पाणी झालं की त्या पाण्याला परत जायला वाट लागते. ही वाट ठेवायलाच ते विसरले होते. बॉयलर खात्यातले अधिकारी! पुढे त्यांनी परतीचा दुसरा पाइप टाकला, आणि तो आपण लावलेला शोध असल्यासारखा सांगत फिरले.

इथवर सगळी नुसती गंमत होती. पण ताईला दमा होता. डिसेंबर लागला की तिच्या छातीत मांजर गुरगुरल्यासारखा आवाज यायचा. तिला ऊब खरोखरच हवी होती, आणि भाऊजींनी चकती तीनवर ठेवून हुकूम काढला होता, की तीनच्या वर जायचं नाही. मी एकदा नुसतं बोट पुढे केलं तर कडाडले, “साळेबुवा, हात मागे! सेटिंग बिघडते!”

ताई म्हणाली, “अवो, चारवर करा न जरासं. मले श्वास नाही घेता येऊन राहिला.”

“तीन म्हणजे वीस अंश. वीस अंशात सुधारलेला माणूस आरामात राहते.”

“मी नाही सुधारलेली.”

“म्हणूनच तीन.”

हे असं बोलणारा माणूस शोकसभेत शास्त्रीय वृत्तीचा ठरतो. पडद्यांच्या रंगापासून वरणातल्या मिठापर्यंत त्या घरात सगळं तेच ठरवत. भाजीत तिखट किती असावं यालाही त्यांच्याकडे एक आकडा होता.

पुढच्या हिवाळ्यात गेलो तर घर छान उबदार. ताई चक्क गुणगुणत पोळ्या लाटत होती. चकती पाहिली, तीनवरच. मी भुवया उंचावल्या. तिने मला बैठकीत नेऊन दाखवलं. व्हॉल्व्हच्या डोक्यावर ओलं फडकं घडी करून ठेवलेलं!

“एक दिवस भांड्याचं फडकं वाळत घातलं,” ती कुजबुजली, “तर मेला रेडिएटर तापतच गेला. त्या मेणाले वाटते खोली गार हाये, ते वाफ सोडत राह्यते. चकतीले म्या हात नाही लावला, शप्पथ!”

“अन् भाऊजी?”

“स्कूटरचा आवाज आला की फडकं उचलते. यायले काही समजत नाही.” आणि ती हसत सुटली. हसता हसता खोकली, पण तो खोकला सुखाचा होता. त्या अख्ख्या घरात तिच्या ताब्यात एवढं एक फडकं होतं, आणि तिने त्याच्यावर राज्य केलं.

भाऊजींचं अज्ञान तर पाहण्यासारखं होतं. भिंतीवर थर्मामीटर टांगलेला होता. तो सव्वीस दाखवायला लागला, तर त्यांनी थर्मामीटरच काढून ठेवला. “व्हॉल्व्ह इम्पोर्टेड आहे. थर्मामीटर दुर्गच्या बाजारातला.” मग स्वेटर काढून, कपाळ पुसत पाहुण्यांना सांगायचे, “पाहा, याला म्हणतात वीस अंश!” पाहुणेही घाम पुसत माना डोलवायचे. दर हिवाळ्यात ताई मला नवे किस्से सांगायची आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात तोंडावर हात दाबून हसायचो.

मग मागल्या हिवाळ्यात ताई तापाने आजारी पडली. मी दुपारी पोचलो. ती आतल्या खोलीत झोपलेली. बैठकीच्या दारात आलो आणि थबकलो. भाऊजी फडकं पिळत होते. पिळलं, झटकलं, त्याची नीट घडी घातली आणि ते व्हॉल्व्हच्या डोक्यावर ठेवलं. वर दोन बोटांनी कोपरा सारखा केला. मग मी दिसलो.

“काय पाहून राहिले?”

“भाऊजी, चकती फिरवा न सरळ चारवर.”

“तीन बरोबर आहे,” ते म्हणाले. मग आतल्या खोलीकडे बघत आवाज खाली आणून म्हणाले, “तिले सांगू नका.”

आता याला काय म्हणावं? माणूस गुपचूप फडकं भिजवेल, पाहुण्यांपुढे घाम गाळेल, पण आकडा चुकला म्हणणार नाही. असला हट्ट मी दुसरा पाहिला नाही, आणि बघायची इच्छाही नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. ताईने स्वतः भट्टी पेटवली, फडकं भिजवलं आणि व्हॉल्व्हवर ठेवलं. डोळे पुसत हसली. “शेवटपर्यंत यायले समजलं नाही, बाळ्या.”

मी सांगून टाकलं. मला वाटलं, ती पदर तोंडाला लावेल, हुंदका देईल. मी पाठीवर हात ठेवायची तयारीसुद्धा केली होती. ताईचं हसू जागच्या जागी थांबलं.

“कधीपासून माहीत होतं यायले?”

“कोण जाणे... थर्मामीटर काढला तेव्हापासून असेल.”

“म्हणजे येडी मीच? मी चोरून चोरून फडकं ठेवून राहिली, अन् हे पाहून राहिले?”

“ताई, प्रेमच होतं ते.”

“प्रेम होतं,” ती म्हणाली, “तर चकती काऊन नाही फिरवली?”

तिने फडकं ओढून फेकलं. इतक्या वर्षांची चकती, जागची हलेना. तिने पदर गुंडाळून दोन्ही हातांनी जोर लावला, ती करकरली आणि फिरली. चार... पाच. वाफ फुसफुसत आत शिरली. थोड्या वेळात बैठकीत बसवेना. माझा सदरा पाठीला चिकटला, ताईच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. ती भाऊजींच्या वेताच्या खुर्चीत ताठ बसून राहिली. मी दार उघडायला उठलो.

“बस खाली,” ती म्हणाली. “मले आत्ता कुठं बरं वाटून राहिलं.”

तेवढ्यात बाहेर फाटकाशी कोणाची तरी स्कूटर थांबली. ताई ताडकन उठली आणि एका झटक्यात चकती तीनवर आणली. शेजारच्या घराचं दार वाजलं, कोणीतरी आत गेलं. ती तशीच उभी, हात चकतीवर.

“हसू नको, बाळ्या,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली, आणि पुन्हा चकतीला पदर गुंडाळायला लागली.