विळीशी बोलणारा

मे महिन्यात लेक नातवंडांना घेऊन रत्नागिरीला येते. त्याआधी आमच्या विळीला धार लावायला तो धारवाला दरवर्षी येतो. माझ्याशी त्याचे शब्द दोनच: "काकी, नारळ." बाकी सगळी विचारपूस विळीची. "काय गो, दात झिजवलेस ना सगळे?" असं म्हणत विळीच्या टोकाच्या खवणीच्या एकेका दात्यावर कानस फिरवतो. मग नारळाची कवड स्वतः खवून बघतो, चिमूटभर खोबरं तोंडात टाकतो. त्याशिवाय काम झालं असं तो मानतच नाही.

यंदा मी त्याला दारातच सांगितलं, "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खाली बसता येत नाही. लेक खोबऱ्याची पाकिटं आणणार आहे. विळी राहू दे आता."

दाराशी काढून ठेवलेली विळी त्याने पिशवीत घातली आणि चालता झाला. मला वाटलं, मोडीत घालणार. हरकत नाही म्हटलं, पण जेवण गोड लागलं नाही.

चार दिवसांनी आला. विळीचा पाट कापून आखूड केलेला, खाली लोखंडी पकड. ती ओट्याच्या कडेला आवळली, दोनदा हलवून बघितली. मी सवयीने कवड पुढे केली, तर त्याने घेतलीच नाही. बाजूला सरकला आणि विळीकडे बघत म्हणाला, "काय गो, उभ्यानं जमेल ना?"

"जमेल," मीच म्हणाले.

संध्याकाळी लेकीला फोन केला, पाकिटं आणू नकोस.