शुक्रवारचे रोल

पाहुण्याला विचारून स्वयंपाक करायचा मला मनस्वी कंटाळा. "काय करू?" म्हटलं की समोरचा "काहीही चालेल" म्हणतो, आणि आपण करावं ते नेमकं त्याला चालत नाही. शिवाय विचारण्यात उगाच कमीपणा घेतल्यासारखं वाटतं. असा हा माझा स्वभाव. लग्नानंतर सून पहिल्यांदा भोईवाड्याच्या आमच्या घरी येणार होती, तेव्हाही मी तिला काही विचारलं नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. लग्न कोर्टात झालं. मुलगी प्रभादेवीची, ख्रिस्ती, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी. आम्ही मालवणकडून गिरणीपायी इथे आलो. तिची माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून इथलीच. लग्न झाल्यावर मुलगा तिकडे जवळच भाड्याने राहायला गेला. दर पंधरा दिवसांनी रविवारी एकटा यायचा, चहा घ्यायचा आणि अर्ध्या तासात निघायचा. "ती नाही आली?" "काम आहे तिला." मी शेजारणींना सांगायचे, धर्म आड आला हो. ऐकायला बरं वाटायचं, कारण त्यात माझ्याकडे काही दोष येत नव्हता.

दोष होता. लग्नाच्या आदल्या वर्षी ती पहिल्यांदा आमच्याकडे आली, तेव्हा डबा भरून रोल घेऊन आली होती. स्वतः केलेले. परळला तिच्या ऑफिसच्या इमारतीत खाली एक सँडविचचं दुकान आहे, तिथल्या तिच्या आवडत्या सँडविचमध्ये जे जे असतं ते तिने खारीच्या पिठात गुंडाळून भाजलं होतं. मी हौसेने विचारलं, "आत काय घातलंस?" ती म्हणाली, "चीज, मोहरीची चटणी, काकडीचं लोणचं आणि हॅम."

मी हातातला रोल ताटलीत ठेवला. "जेवून झालंय गं, नंतर खाते," म्हटलं. ती गेल्यावर सगळे रोल, "पाहुणीने आणलेत" म्हणून, खाली वॉचमनला देऊन आले. आम्ही वशाट खाणारी माणसं, मासळीशिवाय घास उतरत नाही. पण डुकराचं आमच्या घरात कधी आलं नव्हतं. तिचा डबा सोडा घालून दोनदा घासला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे मात्र मी विसरले नाही. त्यात साखर भरली आणि मुलाबरोबर निरोप धाडला, "छान होते म्हणावं." नवऱ्याने हे सगळं पाहिलं होतं. तो विषय मी पुन्हा काढला नाही.

या वर्षी होळीच्या सुमारास त्यानेच परस्पर सुनेला फोन केला. मला नंतर सांगितलं, "पोरगी घरात येवक व्हयी गो. किती दिवस असा चलतला?" ती येते म्हणाली होती. दिवस ठरवायचं त्याने माझ्यावर सोडलं.

त्याच क्षणी मी मनाशी पक्कं केलं की तिचेच रोल करायचे. हॅम घालून. तोंडाने माफी मागायला माझी जीभ वळत नाही, हातांनी मागावी असं वाटलं.

मग वार पाहिला. आमच्याकडे सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी तिचं चर्च आणि माहेर, बुधवारी ऑफिसात तिची कसली तरी मीटिंग असते. शुक्रवार ठरला. वार कसा छान जमला याचं मला त्या वेळी फार कौतुक वाटलं.

बुधवारी परळच्या त्या दुकानात जाऊन मी ते सँडविच विकत आणलं आणि ओट्यावर त्याचा एकेक थर सोडवला. नवरा म्हणाला, "पोस्टमॉर्टेम करतंस काय?" मी कागदावर क्रम उतरवून घेतला. आधी मोहरीची चटणी, मग चीज, मग मांस, वर लोणच्यातली काकडी. दादरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, तयार मांसाच्या दुकानात, गेले तेव्हा काचेमागे सगळं मांडलेलं होतं, पण "हॅम" म्हणायला तोंड उघडेना. बोट दाखवलं. दुकानदार म्हणाला, "हॅम? पाव किलो?" मी मान हलवली आणि आपल्या ओळखीचं कुणी आहे का म्हणून मागे वळून पाहिलं. साठीला आलेली बाई मी, चोरी केल्यासारखी पिशवी छातीशी धरून घरी आले.

खारीच्या पिठाच्या तयार चौकोनी शीट्स फ्रीजरमध्ये मिळतात, त्यामुळे काम तसं सोपं. पण मी पहिली शीट बाहेर काढून काकडी चिरत बसले, आणि तेवढ्यात ती ओट्याला चिकटून बसली. पुन्हा फ्रीजरमध्ये टाकली, घट्ट झाल्यावर लांब तुकडे कापले. चटणी पातळ लावली. काकडीचं पाणी सुटून पहिला घाणा खालून ओला राहिला होता, म्हणून पुढच्या वेळी काकडी फडक्यात घट्ट पिळून घेतली. हॅम हातात घेताना अंगावर काटा आला. तरी एकेक चकती पसरली, गुंडाळी केली, कडा काट्याने दाबल्या, वरून फेटलेलं अंडं बोटाने फिरवलं. मालवणी मसाल्याची बरणी समोरच होती आणि हात शिवशिवत होता, पण मी आवरलं. ओव्हन मुलाने पहिल्या पगारातून घेतलेला. इतकी वर्षं मी त्यात पापड ठेवत आले. बारा रोल छान फुगले, सोनेरी झाले. एक मी उभ्या उभ्या खाल्ला. चव चांगली होती, आणि ती चांगली होती याचाच मला त्रास झाला.

"काय केलंस तां तिका कळव तरी," नवरा म्हणाला होता. "आल्यावर बघेल," मी म्हटलं होतं.

शुक्रवारी दोघं सातला आली. ती ऑफिसमधून थेट, थकलेली. खुर्चीच्या कडेला बसली, पाणी प्यायली. मी ताटली पुढे ठेवली आणि म्हटलं, "ओळख. हॅम घातलंय."

ती ताटलीकडे बघत राहिली. मुलाने कपाळाला हात लावला. "आई, मला विचारायचंस ना एकदा. लेंट चाललंय."

"म्हणजे?"

तीच बोलली, अगदी हळू. "काकी, ईस्टरपर्यंत आमचे उपासाचे दिवस. शुक्रवारी आम्ही मटण, चिकन, हॅम, काहीच खात नाही. घरी आज माशाचं कालवण असतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमचे चार वार मी तोंडपाठ म्हणून दाखवले असते, पण तिचाही एखादा वार असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरात मासळीचा तुकडासुद्धा नव्हता. मी कांदेपोहे करायला उठले, आणि कढीपत्ता तेलात पडेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

पोहे तिने नीट खाल्ले. निघताना म्हणाली, "रोल बांधून द्या. उद्या खाऊ." मी राहिलेले अकराच्या अकरा रोल स्टीलच्या डब्यात भरले. मुलगा लिफ्ट बोलवायला पुढे गेला होता, नवरा आत होता. दाराशी मी तिला सांगितलं, "गार झाले की नरम पडतात. तव्यावर गरम करून घे हं."

तिने डबा हातात घेतला. "घेईन. वॉचमनला नाही देणार."

ती रागावलेली दिसत नव्हती, आवाजही चढला नव्हता. "तेव्हा पुढच्याच आठवड्यात ह्याला घ्यायला मी खाली आले होते," ती म्हणाली. "वॉचमन म्हणाला, मॅडम, आप के रोल एक नंबर थे. मी ह्याला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका."

लिफ्ट आली. मुलाने हाक मारली आणि ती गेली. 'चुकलं माझं' हे दोन शब्द माझ्या तोंडातच राहिले. एवढे रोल गुंडाळत बसण्यापेक्षा ते दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

मी गॅलरीत धावले. चौथ्या मजल्यावरून गेट दिसतं. वॉचमन खुर्चीवरून उठला, ती थांबली, काहीतरी बोलली. मी कठडा घट्ट धरला होता. मग तो गेट उघडायला गेला, आणि ती डबा काखेत धरून मुलाच्या मागे बाहेर पडली. कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी त्या डब्याकडे बघत होते.

पुढच्या रविवारी मुलगा एकटाच आला. डबा टेबलावर ठेवला. "तिने दिलाय. म्हणाली, छान होते."

"तू खाल्लेस?"

"मी शनिवारी पुण्याला होतो गं. परत आलो तोवर संपले होते."

तो गेल्यावर मी डबा उघडला. लख्ख घासलेला होता आणि त्यात काठोकाठ साखर भरलेली होती. नवरा बाजूला येऊन उभा राहिला.

"खाल्ल्यान असतीत गो," तो म्हणाला. "छान होते म्हणान सांगल्यान मा?"

"मीही असंच सांगून पाठवलं होतं," मी म्हटलं.