फेकायचं पाणी आणि ठेवायचं पाणी

आमच्या प्रयोगशाळेत निकाल कमी आणि किस्से जास्त निघतात. निकाल खरा मानायला प्रयोग तीनदा करावा लागतो, किस्सा मात्र पहिल्याच झटक्यात जमतो. मी वाशिमच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि माझ्याकडे वैशाली नावाची पीएच.डी.ची एक विद्यार्थिनी आहे. त्यामुळे साठा भरपूर.

वैशाली किन्हीराजा गावची. म्हशीच्या कासेला सूज येते, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात, त्या रोगाच्या जंतूंवर तिचं काम. हे जंतू स्वतःच्याच सालीचे बारीक फुगे बाहेर सोडतात. फुगा जंतूपेक्षा कितीतरी लहान आणि आत विष भरलेलं. ते फुगे वेगळे काढायचे आणि त्यांचा फोटो मिळवायचा, बस एवढंच. एवढंच म्हणायला माझं काय जातं! तिची मुदत संपत आली होती, आणि विद्यापीठाच्या कमिटीनं ती वाढवून दिली नाही तर चार वर्षांची मेहनत मातीमोल.

सुरुवातीला आम्ही दोघी तिच्या गावात दुधाचे नमुने घ्यायला गेलो. एका गोठ्यात म्हशीची मालकीण, सत्तरीच्या आजी, आमचं सगळं ऐकत उभ्या होत्या.

"म्हंजे जंतू पिल्लं सोडते?"

"नाही आजी, फुगे. त्यांच्यात जीव नसतो," वैशाली म्हणाली.

"जीवच नाई, तं मंग औषधानं मरन कसं ते?"

हाच प्रश्न मी आदल्या वर्षी एका परिषदेत विचारला होता, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आजी प्रश्न विचारून शेण काढायला निघून गेल्या.

आता बबनभाऊ. हे आमचे लॅब अटेंडंट, नोकरीला अठ्ठावीस वर्षं झालेली. जंतू वाढवलेलं पाणी मशीनमध्ये गरगर फिरवलं की जंतू नळीच्या बुडाशी बसतात आणि वर नितळ पाणी राहतं. सगळीकडे पाणी फेकतात आणि जंतू ठेवतात. बबनभाऊंनीही जन्मभर तेच केलं. वैशालीचे फुगे मात्र नेमके वरच्या पाण्यात! ती डबा खायला गेली, तेवढ्यात मदत म्हणून बबनभाऊंनी सगळ्या नळ्या फिनाइलच्या बादलीत उलट्या केल्या.

"माल तसाच ठेवला पोरी," ते म्हणाले, "घान पानी तेवढं फेकलं."

तीन आठवड्यांचं काम गेलं. वैशाली मटकन खुर्चीवर बसली. तिला आनंद झाला, असं बबनभाऊंना वाटलं.

मग आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी लावली : 'नळीतलं पाणी कुणीही फेकू नये.' बबनभाऊंनी ती दोनदा वाचली आणि "हाव" म्हणाले.

वैशालीनं पुन्हा जंतू वाढवले, पाणी गाळलं आणि अकोल्याला एका मोठ्या मशीनवर फिरवून आणलं. त्या मशीनचा वेग असा, की फुगेसुद्धा बुडाशी बसतात. दिसेल न दिसेल असा डाग पडतो. म्हणजे आता पाणी फेकायचं आणि डाग ठेवायचा. हे बबनभाऊंना कोणी सांगितलं? कोणीच नाही. त्यांनी पाण्याचा थेंबही वाया न घालवता ते स्वच्छ बाटलीत भरलं, वर लेबल लावलं आणि नळ्या ब्रशनं घासून उन्हात वाळत ठेवल्या.

"नळीच्या बुडाले डाग होते मॅडम," ते मला म्हणाले. "निंघता निंघत नव्हते."

त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्याची मला अजून लाज वाटते.  वैशाली मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नव्यानं जंतू वाढवायला लागली.

तिसरा नमुना फोटोसाठी नागपूरला न्यायचा होता. बबनभाऊंनी तो कोणाच्या हाती देऊच दिला नाही. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. मंगरूळपीरला गाडी भरली आणि कंडक्टरनं डबा खाली ठेवायला सांगितला.

"नाई जमत. रोगाच्या जंतूचा नमुना हाये," बबनभाऊ म्हणाले.

आजूबाजूची माणसं उठून पुढं सरकली. बबनभाऊंना वाईट वाटलं. त्यांनी सगळ्यांना समजावलं, की घाबरू नका, आत एकही जंतू नाही, सगळे गाळून काढलेत, आता नुसत्या डोळ्यानं दिसेल असं यात काहीच नाही.

कंडक्टरनं वाकून डबा पाहिला. "मंग रिकामा डबा नागपूरले कायले नेऊन राह्यले?"

फोटो आला. करड्या रंगावर गोल गोल, स्वच्छ फुगे! वैशाली रडली, मीही रडले. पण एका फोटोनं भागत नाही, प्रयोग आणखी दोनदा करायला हवा होता. म्हणजे मुदतवाढ हवीच.

कमिटी आमच्याच कॉलेजात बसली. बाहेरून आलेले अध्यक्ष कडक होते. त्यांनी फोटो पाहिला, मग अहवालातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"नमुना दोनदा वाया गेला, असं लिहिलंय. चूक कोणाची?"

"माझी, सर," वैशाली म्हणाली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं टेबलाखालून माझा हात दाबला.

"इतक्या निष्काळजी विद्यार्थिनीला मुदत वाढवून कशी द्यायची?"

बबनभाऊ चहाचा ट्रे घेऊन आत आले होते. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"हे पोरगी खोटं बोलून राह्यली साहेब. दोन्ही डाव म्या केलं. येक डाव पानी फेकलं, येक डाव डाग धुतला."

त्यांनी एक कप अध्यक्षांपुढं सरकवला.

"नापास करायचं असन तं मले करा. मले सवय हाये. मी सातवीत तीनदा झालो."

अध्यक्षांनी चहाचा एक घोट घेतला. मग आपले खिसे चाचपले आणि मुदतवाढीच्या सहीसाठी बबनभाऊंच्याच खिशातलं पेन मागून घेतलं.