दुखरा दंड

लातूरच्या एका दवाखान्यात न्यूमोनियाची लस घ्यायला बसलो होतो. शेजारी देवणीकडचे एक म्हातारबा होते, माझ्यासारखेच आमवाताचे पेशंट. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झालेली. बाहीची गुंडी त्यांनी दातांनी सोडवली. मदतीला गेलेला माझा हात हळूच बाजूला सारला.

नर्सनं विचारलं, “बाबा, कोणत्या हाताला देऊ?”

“उजव्याला द्या, बाई. त्यो तसाबी दुखूनच राहिलाय. डाव्यानं सांजच्याला धार काढायची हाय. गाय दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत न्हाई.”

मग माझी पाळी आली. नर्सनं मलाही तेच विचारलं. दुखणं लागल्यापासून घरात मी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतला नव्हता.

“कोणताही चालेल,” मी म्हणालो, आणि म्हातारबांकडे बघायचं टाळलं.